हाताचा जोडा

ही हकीकत एका हशापासून सुरू होते, आणि तो हशा मीच पिकवलेला होता.

महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. तरुणपणी हौसेने जर्मन शिकलो होतो. त्या भाषेतले चार शब्द वर्गात टाकले की मुलांची पेंग उडते, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे दर वर्षी युरोपातील मध्ययुग शिकवताना मी फळ्यावर एक शब्द लिहीत असे : 'हान्टशू'. मग म्हणायचो, "हान्ट म्हणजे हात, शू म्हणजे जोडा. आपण ज्याला हातमोजा म्हणतो त्याला हे जर्मन लोक हाताचा जोडा म्हणतात!" वर्ग हसे. मी हसू ओसरू देई आणि गंभीर चेहऱ्याने सिद्धान्त सांगे की, शब्द हा संस्कृतीचा आरसा असतो. ज्या रानटी टोळ्यांना पायातल्या जोड्यापलीकडे वस्त्रभूषेची कल्पना नव्हती, त्यांनी हाताच्या नाजूक वस्त्रालाही जोडाच म्हटले. सिद्धान्त ऐकायला बरा वाटे. तो खरा आहे की नाही हे तपासून पाहण्याची गरज मला वीस वर्षांत एकदाही वाटली नाही.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मला एक पत्र आले. अक्षर ओळखीचे नव्हते. सातारा जिल्ह्यातील एका गावाहून आलेला, मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आता स्वतः शिक्षक झाला होता. प्रारंभीचा नमस्कार आणि कुशल झाल्यावर त्याने लिहिले होते :

"सर, तुमचा हाताचा जोडा मला अजून आठवतो. त्या दिवशी वर्गात मी हसलो नव्हतो. आमचे वडील वहाणा शिवायचे. गावात एक माणूस बाभळीच्या काट्या तोडून कुंपणे घालायचा. त्याच्या हातांची चाळण व्हायची. वडिलांनी उरलेल्या चामड्याच्या त्याला दोन पिशव्या शिवून दिल्या, अंगठा तेवढा वेगळा. त्यांना आम्ही घरात हाताच्या वहाणाच म्हणायचो. वडिलांना जर्मन येत नव्हते. चामडे तेच, आरी तीच, टाका तोच. मग नाव दुसरे कशाला ठेवायचे? रागावून लिहीत नाही. पुष्कळ दिवस सांगायचे होते, एवढेच."

पत्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. मग कपाटातले जुने कोश खाली काढले. वीस वर्षांपूर्वी करायला हवे होते ते काम त्या दिवशी सुरू केले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

*

पहिली गोष्ट या शब्दाच्या वयाची. 'हान्टशू' हा शब्द जुन्या जर्मन भाषेत 'हान्टस्कुओख' या रूपात आढळतो. हायडेलबर्ग या प्रसिद्ध विद्यानगरीच्या उत्तर भागात हान्टशूस्हाइम नावाची वस्ती आहे. १९०३ साली ती हायडेलबर्गमध्ये विलीन झाली, पण गाव शहराहून जुने आहे : लोर्श येथील मठाच्या दानपत्रांत त्याचा उल्लेख इ. स. ७६५ इतका मागे सापडतो. 'हाइम' म्हणजे घर किंवा वसती. तेव्हा गावाच्या नावाचा अर्थ 'हातमोजाचे गाव' असा दिसतो. पण तेथे हातमोजे होत असत असे नव्हे. हान्टस्कुओख हे माणसाचे नाव होते, आणि त्या माणसाची ही वसती. आपल्याकडे दगडू, धोंडू ही नावे असतात, तसेच हे. पुढे गावकऱ्यांनी हौसेने आपल्या चिन्हावर हातमोजाच चितारला.

असे नाव माणसाला ठेवत असत याला दुसराही पुरावा आहे. प्राचीन इंग्रजीतील 'बेओवुल्फ' या महाकाव्यात ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री राजवाड्यात शिरतो आणि झोपलेल्या एका योद्ध्याला फाडून खातो. त्या बळी पडलेल्या योद्ध्याचे नाव पुढे नायकाच्या तोंडून कळते : होन्डशिओ, म्हणजे पुन्हा हाताचा जोडा. गंमत अशी की, त्याच भाषणात थोड्या ओळींनंतर राक्षसाजवळच्या एका प्रचंड पिशवीचे वर्णन येते, आणि तिच्यासाठी कवीने योजलेला शब्द आहे 'ग्लोफ', म्हणजे आजच्या इंग्रजीतला ग्लव्ह. हातमोजा नावाचा माणूस, आणि माणसे कोंबायचा हातमोजा. ही शाब्दिक कोटी कवीने जाणून केली असावी असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे.

म्हणजे त्या काळी युरोपच्या उत्तर भागात एकाच वस्तूला निदान दोन नावे होती. खरे पाहता तीन होती, आणि तिसऱ्याची कथा सर्वांत मनोरंजक आहे.

कोलुंबानुस नावाचा एक आयरिश साधू सहाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या फ्रान्समध्ये आला आणि त्याने लक्सई येथे मठ स्थापला. त्याचे चरित्र सातव्या शतकात बोब्बिओच्या जोनास या भिक्षूने लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. साधूने काम करताना घालायचे हातमोजे काढून भोजनगृहाच्या दाराबाहेरील दगडावर ठेवले. एक डोमकावळा आला आणि एक मोजा घेऊन पळाला. जेवण करून बाहेर आल्यावर साधू म्हणाला, जोवर ही वस्तू परत येत नाही तोवर त्या पाखराला आपली पिल्ले भरवता येणार नाहीत. थोड्याच वेळात कावळा परतला, चोचीतली वस्तू खाली ठेवली आणि अपराध्यासारखा उभा राहिला. चमत्काराचे काय ते सोडा. इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे ती जोनासने जाता जाता केलेली नोंद, की हाताच्या या आच्छादनांना गॉल देशातले लोक 'वान्टुस्' म्हणतात.

हा 'वान्ट' शब्द लॅटिन नाही. तो फ्रँक या जर्मन टोळीचा. 'गुंडाळणे' या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते लावतात. फ्रँकांनी गॉल जिंकला, आपली भाषा पुढे सोडून दिली, पण हा शब्द मागे ठेवला. त्याचाच फ्रेंचमध्ये 'गाँ' झाला, इटालियनमध्ये 'ग्वान्तो', स्पॅनिशमध्ये 'ग्वान्ते'. पुढे साऱ्या जगाने ज्या फ्रेंच हातमोजांची नजाकत वाखाणली, त्यांचे नावच मुळी जर्मन रानातून आलेले. माझ्या सिद्धान्ताची पहिली वीट येथेच ढासळली. ज्यांना मी शब्ददरिद्री म्हणत होतो, त्यांनी अर्ध्या युरोपला या वस्तूचे नाव पुरवले होते. आणि एवढे करूनही स्वतःसाठी हाताचा जोडाच ठेवून घेतला होता.

इंग्रजी ग्लव्हचे मूळ 'लोफा' म्हणजे तळहात या शब्दात आहे. डच भाषेत हातमोजा म्हणजे 'हान्टस्खून', हाही हाताचा जोडाच. डॅनिश आणि स्वीडिश यांनी उत्तर जर्मनांकडून 'हान्डस्के' घेतला, आणि 'वान्ते' हा जुना शब्दही सांभाळला. स्वीडिश माणूस आज बोटे वेगळी असलेल्याला हान्डस्के म्हणतो आणि बिनबोटांच्या उबदार मोजाला वान्ते.

*

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण 'हान्टशू' याचा अर्थ हाताचा जोडा असाच आहे कशावरून? हा प्रश्न योग्य आहे. सामासिक शब्द स्वतःचा अर्थ स्वतःच सांगत असल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष फार सावधपणे घ्यावी लागते. जर्मनमध्येच 'हेंगेमाटं' असा शब्द आहे : टांगलेली चटई, म्हणजे झोपण्याची झोळी. समास अगदी उघड. पण तो शब्द मुळात जर्मन नाहीच. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा 'हमाका' स्पॅनिश खलाशांनी उचलला, त्यांच्याकडून तो डचांकडे गेला, आणि डचांनी तो आपल्या कानाला ओळखीचा वाटेल असा वळवून 'टांगती चटई' केला. व्युत्पत्ती साफ खोटी, पण शब्द पक्का बसला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील युद्धसूक्तात धनुर्धाऱ्याच्या हाताला गुंडाळलेल्या चर्मपट्ट्याचे वर्णन आहे. तो सापासारखा हाताभोवती वेढे घेतो आणि प्रत्यंचेच्या तडाख्यापासून हाताला वाचवतो. त्याचे नाव 'हस्तघ्न'. शत्रुघ्न म्हणजे शत्रूचा नाश करणारा, तर हस्तघ्न म्हणजे हाताचा नाश करणारा ठरायला हवा! यास्काने निरुक्तात त्याचा उलगडा केला आहे तो असा, की तो हातावर असताना त्याच्यावर आघात होतो. म्हणजे मार खाणारा तो, हात नव्हे. समासाची दोन पदे कळली म्हणून शब्द कळला असे होत नाही, हे यास्काला ठाऊक होते. मला वर्ग हसवण्याच्या भरात त्याचा विसर पडला.

मग 'शू'चे काय? चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. जर्मन कुळातील भाषेचा आपल्याला उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना मोठा ग्रंथ. त्यात स्नानसंस्कार करणारा योहान आपल्यामागून येणाऱ्या श्रेष्ठ पुरुषाच्या पायातल्या जोड्याची वादी सोडण्याचीही आपली योग्यता नाही असे म्हणतो, तेथे 'स्कोख्स' हा शब्द आहे. म्हणजे जोडा हा अर्थ तेव्हाच पक्का होता. त्याहून मागे जाऊन अनेक पंडित या शब्दाचे मूळ 'झाकणे' या अर्थाच्या धातूत शोधतात, आणि संस्कृत धातुपाठातील 'स्कु' हा धातू त्याचा भाऊबंद मानतात. तसे असेल तर जोडा म्हणजे आधी फक्त आच्छादन.

पण एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. आपण 'जोडा' म्हटले की डोळ्यांपुढे टाच, तळ आणि नाडी असलेला बूट येतो, आणि तो हातात घातलेला पाहून हसू येते. उत्तर युरोपातल्या दलदलींत पुरलेले जे प्राचीन जोडे सापडले आहेत त्यांत पुष्कळ एकाच चामड्याचे आहेत : एक तुकडा, पायाभोवती उचलून घेतलेला, कडेच्या भोकांतून वादी ओवून आवळलेला. ना टाच, ना वेगळा तळ. तोच तुकडा थोडा लहान कापून हाताला गुंडाळला, अंगठ्याला वाट ठेवली, की झाला हातमोजा. ज्याने पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तो उपमा देत नव्हता. समोर दिसत होते ते सांगत होता. कुंपणे घालणाऱ्यासाठी पिशव्या शिवणाऱ्या त्या साताऱ्याकडील कारागिराला हे आपसूक कळले होते. मला कळायला कोश लागले. आणि कुंपणाचेच म्हणाल तर होमरच्या 'ओडिसी'त म्हातारा लाएर्टीस बागेत काम करताना हातांत जे घालतो, तेही काट्यांसाठीच.

जर्मन भाषेला ही रीत पुढेही आवडलेली दिसते. शिंप्याच्या अंगुस्तान्याला ते 'फिंगरहूट' म्हणतात, बोटाची टोपी. १५४२ साली लेओन्हार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका घंटेसारख्या फुलांच्या झुडपाला लॅटिन नाव द्यायचे होते. लोक त्याला फिंगरहूटच म्हणत असत. त्याने बोटाच्या लॅटिन नावावरून 'डिजिटॅलिस' केले. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने त्याच झुडपाचे हृदयविकारावरील गुण विस्ताराने प्रसिद्ध केले, आणि शिंप्याच्या बोटावरची टोपी जगभरच्या औषधालयांत जाऊन बसली.

*

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शब्द जोड्याचा, पण त्या समाजात त्या वस्तूची पायरी काय होती?

आइके फॉन रेप्गो याने १२२० ते १२३५ च्या दरम्यान सॅक्सन लोकांचे रूढ कायदे एकत्र लिहून काढले. ग्रंथाचे नाव 'साक्सन्श्पीगेल', सॅक्सनांचा आरसा. त्यात बाजारपेठ वसवण्याविषयी नियम आहे : राजाच्या संमतीवाचून नवा बाजार भरवता येत नाही, आणि संमतीची खूण म्हणून राजाने तेथे आपला हातमोजा पाठवावा. राजा काही प्रत्येक गावी जाऊ शकत नाही. त्याचा हातमोजा आला म्हणजे त्याचा हात आला. हात आला म्हणजे अभय आले. या ग्रंथाची चौदाव्या शतकारंभीची सचित्र हस्तलिखित प्रत हायडेलबर्गला आहे, हान्टशूस्हाइमपासून हाकेच्या अंतरावर.

जमीन देताना, अधिकार सोपवताना, वचन देताना हातमोजा पुढे होई. याकोब ग्रिम, ज्याला आपण परीकथांचा संग्राहक म्हणून ओळखतो, त्याने १८२८ साली जुन्या जर्मन कायद्यांतील प्रतीकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अशा चालींची जंत्रीच आहे. फ्रेंच 'रोलाँच्या गीता'त मरणोन्मुख वीर आपला उजवा हातमोजा ईश्वरापुढे उंचावतो, कारण स्वामीची वस्तू स्वामीला परत करायची असते. होहेनस्टाउफेन घराण्याचा अखेरचा वंशज कोनराडिन हा सोळा वर्षांचा मुलगा. २९ ऑक्टोबर १२६८ रोजी नेपल्सच्या बाजारचौकात अंजूच्या चार्ल्सने त्याचा शिरच्छेद करविला. त्याने वधस्तंभावरून आपला हातमोजा गर्दीत फेकला, तो उचलून कोणी अ‍ॅरगॉनच्या पीटरकडे नेला, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, १२८२ साली सिसिलीत चार्ल्सविरुद्ध उठाव झाला आणि राज्य पीटरकडे गेले हा इतिहास आहे. आणि लोकांना या दोन घटना जोडायला हातमोजाच योग्य वाटला हाही इतिहासच आहे.

वैराचे आव्हानही त्यानेच देत. त्याला जर्मनमध्ये 'फेडंहान्टशू' म्हणतात, वैराचा हातमोजा. १४९५ साली वर्म्सच्या सभेत राजा माक्सिमिलियनने खाजगी वैरयुद्धांना कायमची बंदी घातली. वैर कायद्याने संपले. वाक्प्रचारातला हातमोजा आजही फेकला जातो.

सांगायचे तात्पर्य, या 'हाताच्या जोड्या'ने बाजार वसत, जमिनी हस्तांतरित होत. कोणालाही त्यात उणेपणा वाटला नाही. आम्हांला हसू आले ते शब्दात काही हास्यास्पद होते म्हणून नव्हे. जोडा ही वस्तू आमच्या मनात उंबऱ्याबाहेर ठेवलेली आहे, आणि ती शिवणाऱ्यालाही आम्ही शतकानुशतके तेथेच उभे केले. हशाचे मूळ जर्मन शब्दकोशात नव्हते, आमच्या वर्गात होते.

यावरून जर्मन समाज निर्मळ होता असे मात्र कोणी समजू नये. न्यूरेंबर्गचा हान्स झाक्स हा जोडे शिवणारा कवी सोळाव्या शतकात मान पावला हे खरे. पण मेलेल्या जनावरांची कातडी सोलणाऱ्याला तेथेही विटाळासारखेच वागवीत. त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नसे. १७३१ साली साम्राज्याच्या कायद्याने अनेक धंद्यांवरचा हा कलंक काढून टाकला, तेव्हाही कातडी सोलणारा वगळलाच गेला. चामडे सर्वांना हवे, ते सोलणारा कोणालाच नको. हा आरसा आपण कोणाकडेही फिरवावा. तो कोणाचेही तोंड दाखवतो.

आणि आमच्या परंपरेत तरी जोडा सदैव उंबऱ्याबाहेरच होता काय? राम वनात गेला. भरताने त्याच्या पादुका मागून आणल्या, नंदिग्रामी सिंहासनावर ठेवल्या, आणि चौदा वर्षे त्या पादुकांच्या नावाने राज्य चालवले. राजा जेथे नाही तेथे राजाचा हातमोजा. राम जेथे नाही तेथे रामाची पादुका. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच : जी वस्तू शरीराला इतकी लगटून राहते की तिने त्याचा आकार घेतलेला असतो, ती त्या माणसाच्या वतीने बोलू शकते. आळंदीला आणि देहूला पालखीत संतांच्या पादुकाच निघतात. लाखो वारकरी ज्यांपुढे माथा टेकतात, ती वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहून आम्ही हसलो होतो.

*

हातमोजाच्या या प्रातिनिधिक अधिकाराचा एक अवशेष आजच्या कायद्याच्या भाषेतही आहे. जर्मन विधिज्ञ 'हान्टशू-एऽ' असा शब्द वापरतात : हातमोजाचे लग्न. वर किंवा वधू हजर नसताना प्रतिनिधीमार्फत लावलेला विवाह. अनुपस्थित पक्षाचा हातमोजा प्रतिनिधी आणीत असे, त्यावरून हे नाव. डच भाषेतही तेच, आणि तेथे त्यामागे हजारो संसारांचा इतिहास आहे. जावा-सुमात्र्यात नोकरीला गेलेल्या डच तरुणाला मायदेशी यायला वर्षानुवर्षे रजा मिळत नसे. मग लग्न हॉलंडमध्ये लागे, वराच्या जागी दुसराच कोणी उभा राही, आणि मग ती मुलगी एकटी बोटीत बसून सुवेझमार्गे बटाव्हियाला जाई. अशा वधूंना नावच पडले 'हातमोजुली'. महिनाभराच्या प्रवासानंतर धक्क्यावर जो उभा असेल तो आपला नवरा.

आपल्याकडील राजघराण्यांत वराच्या ऐवजी त्याची तलवार पाठवून लग्ने लागत, हे वाचकांना ठाऊकच आहे. जर्मनीत या चालीने विसाव्या शतकात एक भीषण रूप घेतले. १९३९ पासून आघाडीवरच्या सैनिकाशी गावातल्या कचेरीत लग्न लावण्याची सोय करण्यात आली. वधूशेजारी टेबलावर पोलादी शिरस्त्राण ठेवीत. १९४१ नंतर तर आधीच मारल्या गेलेल्या सैनिकांशीही लग्ने लावून देण्यात आली. हातमोजाला निदान एखाद्या जिवंत हाताची ऊब आठवत असते. त्या शिरस्त्राणाविषयी असे म्हणवत नाही. आजच्या जर्मन कायद्यानुसार वधूवरांनी स्वतः आणि एकाच वेळी हजर असावे लागते.

प्रेमाच्या प्रांतातही हातमोजा रिकाम्या हाताचा प्रतिनिधी म्हणूनच वावरला. १७९७ साली शिलरने 'हातमोजा' याच नावाचे कथाकाव्य लिहिले. एक मानिनी सिंह-वाघांच्या आखाड्यात आपला हातमोजा टाकते आणि प्रेमाची शपथ घेणाऱ्या सरदाराला तो आणायला सांगते. तो शांतपणे उतरतो, आणतो, आणि तिच्या तोंडावर फेकून निघून जातो. वायमारमधील शार्लोट फॉन श्टाइन या बाईंना हे असभ्य वाटले, म्हणून शिलरने प्रथम छापताना सरदाराला नुसते वाकून नमस्कार करायला लावले. पुढे मात्र मूळचा शेवट परत आणला. १८८१ साली माक्स क्लिंगर या चित्रकाराने दहा चित्रांची मालिका प्रसिद्ध केली : बर्लिनच्या स्केटिंगच्या मैदानावर एका स्त्रीचा पडलेला हातमोजा एक तरुण उचलतो, आणि पुढची सारी स्वप्ने त्या हातमोजाचीच.

*

इतके सगळे वाचून झाल्यावर अखेर मी फार्सी कोश उघडला. खरे तर आरंभ तेथूनच करायला हवा होता.

मी वर्गात म्हणत असे, "आपण ज्याला हातमोजा म्हणतो." हा शब्द मला इतका घरचा वाटत होता की त्याची फोड करावी हे सुचलेच नव्हते. 'हात' आपला. 'मोजा' फार्सी. आणि जुन्या फार्सीत 'मोझा' म्हणजे काय? पायात घालायचा बूट. घोडेस्वाराचा, चामड्याचा, पोटरीपर्यंत येणारा बूट. पुढे त्याच शब्दात पायाचे विणलेले वस्त्रही सामावले, आणि आपल्याकडे तेवढाच अर्थ उरला. शब्द मुळात पायाचा; तो आपण हाताला लावला, आणि मग घोटाळा होऊ नये म्हणून ज्याचा तो होता त्यालाच 'पायमोजा' म्हणू लागलो. खुद्द फार्सीत हातमोजाला 'दस्तकश' म्हणतात, हातावर ओढायचे ते. हिंदी-उर्दूत 'दस्ताना' आहे. या शब्दांत पायाचा संबंध नाही. तो आहे मराठीत. हाताचा बूट.

तेव्हा वीस वर्षे मी फळ्यासमोर उभा राहून जर्मनांच्या हातातला जोडा मुलांना दाखवत होतो, आणि तो दाखवताना माझ्या स्वतःच्या हातात तोच होता. एक राइनकाठी घडला, दुसरा दख्खनमध्ये फार्सी आणि मराठीच्या शेजारात. एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. दोन्हीकडे माणसाने आधी पाय झाकला, मग हात झाकताना त्याला पायाची आठवण झाली. तिसरे उदाहरण साताऱ्याकडील एका घरातले, त्याची नोंद कोणत्याही कोशात नाही.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला सविस्तर लिहून कळवले. शेवटी लिहिले की, तुझ्या वडिलांना हसणाऱ्यांत मी होतो, इतकेच नव्हे तर हसवणाराही मीच होतो. याबद्दल क्षमा मागायला उशीर झाला आहे, तरी मागतो. त्याचे उत्तर आले ते मोकळे होते. वडील आता नाहीत, पण त्यांनी हे ऐकले असते तर जर्मनांचा हिशेब बरोबर आहे असेच म्हणाले असते, असे त्याने लिहिले.

हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी मी त्याला वाचायला पाठवला. आरंभी त्याच्या पत्राचा मजकूर मी आठवणीने उतरवला होता, आणि तेथे 'सुई तीच' असे लिहून बसलो होतो. त्याने बाकी काही बदलले नाही. तेवढ्या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिले : "आरी." ती दुरुस्ती वर केली आहे.